जुन्याचे देणे

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी आमच्या घरी फराळाच्या ताटावर जे भांडण जुंपले, ते अजून मिटलेले नाही. पक्ष दोनच. एक मी : वय चौसष्ट, उभे आयुष्य पतसंस्थांचे आणि दुकानांचे हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअरे लिहिण्यात गेलेले. दुसरा माझा पुतण्या : वय सत्तावीस, पुण्यात तोच धंदा, पगार मात्र मी निवृत्त होताना मिळवीत होतो त्याच्या चौपट. मी त्याला सहज विचारले, "तुम्ही म्हणे तुमच्या त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती काढता आहात. मग जुन्या आवृत्तीवर ज्यांनी आपली कामे उभी केली आहेत, त्यांचे काय?" चकलीचा तुकडा मोडीत तो म्हणाला, "ते त्यांचं ते बघतील, काका. ब्रेकिंग चेंज आहे. जुनं वागवत बसलो तर नवं करायचं कधी?"

ज्या सहजतेने त्याने चकली मोडली, त्याच सहजतेने तो शेकडो लोकांची चालती कामे मोडायला निघाला होता. मी बोललो. तोही बोलला. सौभाग्यवतींनी ताटे उचलली तरी आम्ही बोलतच होतो. पुढे संपादकांनी लेख मागितला, तेव्हा मी ठरवले की उरलेले भांडण येथेच पुरे करावे. येथे निदान मध्ये कोणी बोलणार नाही!

हा संगणकवाल्यांचा आपसांतला तंटा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. तुमचे पासबुक, तुमचे विजेचे बिल, मुलाचे गुणपत्रक, दिवाळीला माहेरी जाण्याचे तिकीट, ही सारी आज कोणत्या ना कोणत्या सॉफ्टवेअरच्या पोटातून बाहेर पडतात. आणि ही सॉफ्टवेअरे लिहिणारा माणूस काही पायापासून सुरुवात करीत नाही. घर बांधणारा गवंडी कधी विटा भाजीत बसतो काय? तसेच आमचे. तारीख वाचणे, बेरजा मांडणे, माणसाची ओळख पटवून त्याला आत घेणे, असली नेहमीची कामे करणारा एक तयार सांगाडा कोणीतरी आधी करून ठेवलेला असतो. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आम्ही त्या सांगाड्यावर आमच्या भिंती चढवतो. सांगाडा करणारा असतो एक. त्यावर घरे बांधणारे असतात हजार. आणि त्या घरांत राहणारे असतात लाख. आता सांगाडेवाल्याने नवा सांगाडा काढला आणि जुन्या भिंती त्यावर बिनबोभाट उभ्या राहिल्या, तर त्या गुणाला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. मी त्याला साध्या मराठीत जुन्याचा सांभाळ म्हणतो. आणि माझे म्हणणे असे की, हा सांभाळ म्हणजे सांगाडेवाल्याने आपल्यावर केलेला उपकार नव्हे. ते त्याचे देणे आहे.

एवढ्या तावातावाने मी हे का सांगतो, ते आता ऐका.

२०१७ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचे हिशेब मी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालत. त्या वर्षी मार्चअखेरीस मी खालच्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती बसवली. बसवणे भागच होते, कारण जुनीची देखभाल बंद होणार होती. सारे काही चालले. बेरजा जुळल्या, पासबुके छापली गेली, संस्थेने मला चहा पाजला. मी घरी आलो.

ऑक्टोबरात, वसुबारसेच्या दिवशी, संस्थेच्या कारकुनाचा फोन आला. बाजारात भाजी विकणाऱ्या एक बाई सहा महिन्यांची ठेव मोडायला आल्या होत्या. त्यांच्या हातात कारकुनानेच शाईने लिहिलेली पावती होती : ठेव ५ एप्रिलची, मुदत ५ ऑक्टोबरला पुरी. संगणक म्हणत होता की ठेव ४ मेची आहे, मुदत ४ नोव्हेंबरला पुरी होईल, आज पैसे हवे असतील तर व्याज कापून घ्या. बाई काउंटरसमोर उभ्या होत्या. मागे दिवाळीच्या पैशासाठी लागलेली रांग होती. बाईंनी कारकुनाला एकच प्रश्न विचारला, "भाऊ, हे अक्षर तुमचंच ना?"

काय झाले होते? आपण ०५/०४ असे लिहितो तेव्हा पहिला आकडा दिवसाचा, दुसरा महिन्याचा. फ्रेमवर्कची जुनी आवृत्तीही तसेच वाचीत असे. नव्या आवृत्तीने अमेरिकन रीत धरली : पहिला महिना, मग दिवस. आणि यातली खरी मेख पुढेच आहे. तेराव्या महिन्याची तारीख जगात नसल्यामुळे, तेरापासून पुढच्या तारखा ते यंत्र मुकाट्याने आपल्या रीतीने वाची. घोळ फक्त एक ते बारा तारखांत. म्हणजे निम्म्याहून अधिक नोंदी बरोबर, आणि उरलेल्या चूक. पण कोठे लाल अक्षर नाही, की यंत्र बंद पडणे नाही. अशा एकशे सत्तेचाळीस ठेवी निघाल्या. त्या कारकुनाने आणि मी नरकचतुर्दशीच्या पहाटेपर्यंत बसून कागदी पावत्यांवरून एकेक तारीख सुधारली. बाईंचे पैसे मात्र कारकुनाने त्याच दिवशी, संगणकाला न जुमानता, आपल्या जबाबदारीवर दिले. त्या दिवशी पतसंस्थेची अब्रू वाचली ती शाईच्या अक्षराने.

ही हकीकत पुतण्याला ठाऊक आहे. तरी तो म्हणाला, "पण काका, त्यांनी तो बदल नोंदींत लिहिला होता की! तुम्ही वाचला नाहीत." लिहिला होता, खरे आहे. लांबलचक यादीत, मधेच कोठेतरी, एका ओळीत. ती ओळ मी वाचली नाही, हा माझा दोष, आणि तो मी संस्थेच्या संचालकांपुढे उभा राहून कबूल केला आहे. पण माझा दोष आहे म्हणून दुसऱ्याचा धुतला जातो काय? रस्त्याच्या मधोमध रात्री खड्डा खणायचा, नगरपालिकेच्या फळ्यावर त्याची चिठ्ठी लावायची, आणि माणूस पडला की म्हणायचे, 'फळा वाचायचा होता!' नोंद करणे म्हणजे जबाबदारी पार पाडणे नव्हे. कित्येकदा ती जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची सभ्य रीत असते.

त्याचा दुसरा मुद्दा असा की, बरीचशी फ्रेमवर्के फुकट मिळतात. फुकटच्या वस्तूवर हक्क कसला सांगता? हा मुद्दा वरकरणी बिनतोड दिसतो. पण पाणपोई घालणाऱ्यालाही पाण्यात काही कालवण्याचा अधिकार मिळत नाही. पाणपोई बंद करायची तर खुशाल करावी, तशी पाटी लावावी. तहानलेला दुसरीकडे जाईल. 'माझ्यावर विसंबा, माझ्यावर बांधा' असे चारचौघांत सांगून ज्याने लोक गोळा केले, त्याने विश्वासाचे कर्ज घेतले आहे. कर्ज पैशाचे नव्हते, म्हणून ते बुडवायला मोकळीक मिळत नाही.

तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याला मी टाळणार नाही. तो म्हणतो, जुने सारे जपत बसलो तर जुन्या चुकाही जपाव्या लागतात, आणि नवे काही करताच येत नाही. नवे करू नका असे मी म्हणतच नाही! मला जर जुनेच हवे असते तर मी चोपडीच लिहीत बसलो असतो. वाद नवे करण्याबद्दल नाही. नव्याकडे जाताना मधल्या ओढ्यावर पूल कोणी बांधायचा, याबद्दल आहे.

आमच्या वडिलांचे किराणा दुकान होते. १९५७ च्या १ एप्रिलला या देशाने आपल्या पैशाचा सांगाडाच बदलला. रुपयाचे आणे सोळा होते. एका दिवसात त्याचे शंभर नवे पैसे झाले. याहून मोठा बदल कोणता सांगाल? शाळेत न गेलेली म्हातारी आणि मोठा व्यापारी, दोघांचेही रोजचे गणित बदलणारा! पण तो कसा केला ते पाहा. रुपया आहे तसाच ठेवला. आठ आण्यांचे नेमके पन्नास पैसे झाले, चार आण्यांचे नेमके पंचवीस. जुनी नाणी काही वर्षे नव्याच्या खांद्याला खांदा लावून बाजारात चालली. जेथे भाग नीट जात नव्हता, म्हणजे एका आण्याचे सवासहा पैसे, तेथे कोष्टक दिले : एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. असे कोष्टक वडिलांच्या गल्ल्यामागे टांगलेले असे. आणि पैशाला 'नवा' हे नाव मुद्दाम दिले, म्हणजे घोटाळा नको. लोकांच्या अंगवळणी पडल्यावर, १९६४ साली, ते नावही काढून टाकले. कुरकुर झाली, अर्ध्या पैशावरून दुकानात वादही झाले. पण कोणाचा रुपया एका रात्रीत खोटा ठरला नाही. पुढे २०११ साली पंचवीस पैशांचे नाणे चलनातून गेले, तेही आधी जाहीर करून आणि बँकेत बदलून घ्यायला मुदत देऊन. जुने निरोप घेऊ शकते. पण त्याला दारातून जाऊ द्यावे, खिडकीतून फेकू नये.

दुसरे उदाहरण माझ्या तरुणपणचे. १९८२ साली आशियाई खेळांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. आमच्या आळीत एकाच घरी रंगीत संच आला. बाकी सारे काळे-पांढरे. पण तेच प्रक्षेपण दोन्हींवर दिसे! कारण रंगाची माहिती मूळ चित्राच्या लहरीत अशा खुबीने मिसळलेली असे, की जुन्या संचाने तिच्याकडे दुर्लक्ष करावे आणि आपले काळे-पांढरे चित्र सुखाने दाखवावे. ही खुबी आकाशातून पडली नव्हती. अमेरिकेत १९५० साली जी पहिली रंगीत पद्धत मंजूर झाली, तिच्यात जुन्या संचांवर चित्रच येत नव्हते. ती टिकली नाही. १९५३ साली जुन्याला सांभाळणारी पद्धत मंजूर झाली, आणि पुढे तीच चालली. अभियंत्यांना अधिक डोके चालवावे लागले, हे खरे. पण ते त्यांचे कामच होते.

आता आमच्या धंद्यातलीच साक्ष काढतो. पायथन नावाची एक फार गुणी संगणकभाषा आहे. गुइदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती लिहायला घेतली. तिच्यात एक मोठे व्यंग होते, आणि ते आपल्याच मुळावर येणारे होते. तिला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर ती पंधरा सांगे! आपण तीन अक्षरे म्हणतो. काना आणि वेलांटी वेगळी धरली तर पाच. पण ती अक्षरे मोजीत नसे, संगणकाच्या पोटातले बाइट मोजी, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे व्यंग दूर केले. उत्तर पाच येऊ लागले. मराठी माणसाने या बदलाचे स्वागतच करावे, आणि मी केले.

पण पूल? दुसऱ्या आवृत्तीचे लिखाण तिसरीत चालेना. मोठमोठ्या कामांना दोन्हींवर चालेल असे एकच लिखाण ठेवणे जिकिरीचे झाले. जुन्या आवृत्तीत जगातल्या सर्व लिप्यांचा मजकूर लिहिताना त्याआधी 'यू' हे एक इंग्रजी अक्षर लावीत. नवीत त्याची गरज उरली नाही, म्हणून ते बेकायदा ठरवले. गरज नव्हती तर राहू द्यायचे होते, कोणाचे काय खात होते? पण सफाईची हौस! अखेर २०१२ साली ते एक अक्षर परत घेतले, आणि दोन्हींवर चालणारे लिखाण पुष्कळ सोपे झाले. जुनी आवृत्ती २०१५ साली बंद व्हायची होती. लोक ओढा ओलांडीनात म्हणून ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. बदल योग्य होता, हेतू चांगला होता, माणसे हुशार होती. तरीही अकरा वर्षे लागली, कारण पूल मागाहून बांधला.

अँग्युलर या फ्रेमवर्कचीही तीच कथा. २०१० साली आलेले, जगभर पसरलेले. २०१४ च्या ऑक्टोबरात त्याच्या कर्त्यांनी जाहीर केले की दुसरी आवृत्ती अगदी नवी असेल, पहिलीशी तिचा मेळ नसेल. ज्यांनी आपली कामे पहिलीवर उभी केली होती, त्यांच्यात एकच हलकल्लोळ उडाला. पुढे दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालवण्याची सोय देण्यात आली. तेच शहाणपण आधी सुचते तर?

याउलट ज्यांनी सांभाळले त्यांच्याकडे पाहा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे की, गाभ्यातल्या बदलामुळे लोकांची चालती प्रोग्रामे मोडली, तर चूक प्रोग्रामांची नव्हे, गाभ्याची. २०१२ च्या डिसेंबरात एका सहकाऱ्याने दोष प्रोग्रामवर ढकलला, तेव्हा त्यांनी त्याला जाहीरपणे फैलावर घेतले. त्यांची भाषा मला पटत नाही, दंडक पटतो. जावास्क्रिप्टमध्ये १९९५ पासून एक उघड चूक आहे : 'काहीच नाही' या अर्थाच्या मूल्याला ती भाषा 'वस्तू' म्हणते. दुरुस्त करायला फार श्रम नाहीत. पण त्यामुळे जगातली जुनी पाने मोडतील, म्हणून ती चूक तशीच ठेवली आहे. २०१८ साली त्याच भाषेत एका नव्या सोयीला 'फ्लॅटन' हे नाव द्यायचे होते. एका जुन्यापुराण्या संग्रहाने ते नाव आधीच वापरलेले होते, आणि त्यावर उभी असलेली जुनी संकेतस्थळे बिघडण्याचा धोका दिसला. तेव्हा भाषेने आपले नाव आखडते घेतले आणि 'फ्लॅट' एवढ्यावर भागवले. कोणाच्या तरी विस्मरणात गेलेल्या पानासाठी साऱ्या जगाच्या भाषेने तीन इंग्रजी अक्षरे सोडली! पुतण्या याला दुबळेपणा म्हणतो. मी याला घरंदाजपणा म्हणतो.

मग कधीच काही मोडू नये काय? मोडावे. चोर शिरेल असे भोक राहिले असेल तर भिंत पाडावीच. चुकीचा पाया असेल तर उकरावाच. पण मोडणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात, एवढेच माझे मागणे आहे. पहिली : मोडायचे तर आवाज करून मोडा. जुने लिखाण नव्यावर आले की यंत्राने थांबावे आणि ओरडून सांगावे. जुन्याच शब्दाचा अर्थ मुकाट्याने बदलू नये. माझ्या त्या फ्रेमवर्कने तारीख वाचायला साफ नकार दिला असता, तर मी मार्चातच जागा झालो असतो. बंद पडलेले यंत्र त्रास देते. खोटे बोलणारे यंत्र घात करते. दुसरी : काही काळ जुने आणि नवे शेजारी नांदू द्या, आण्यांशेजारी पैसे नांदले तसे. आणि तिसरी, जी कोणाला ऐकायला आवडत नाही : पुलाचा खर्च बदल करणाराने सोसावा. सांगाडेवाल्याने आपला एक आठवडा वाचवायचा, आणि त्यापायी हजार गवंड्यांनी एकेक आठवडा घालवायचा, हा कोणत्या देशातला हिशेब? एक वाचला, हजार गेले. यालाच तुम्ही प्रगती म्हणता?

पुतण्या वाईट मुलगा नाही. तो रात्री जागतो, मन लावून काम करतो, आणि त्याला आपल्या जुन्या लिखाणाची लाज वाटते. ही लाज चांगल्या कारागिराचे लक्षण आहे. पण आपली लाज झाकायला दुसऱ्याच्या घराची भिंत पाडता येत नाही, एवढे त्याला अजून उमगायचे आहे. ज्यांची कामे मोडतात ते त्याला दिसत नाहीत, हे त्याचे खरे दुर्दैव. मला त्या बाई दिसल्या.

त्यांच्याबद्दल एक सांगायचे राहिले. त्यांचे पैसे त्यांना पुरते मिळाले, पैचेही नुकसान झाले नाही. पुढच्या वर्षी संस्थेने छापील पावत्या सुरू केल्या. स्वच्छ, सुबक, वर संस्थेचे बोधचिन्ह. बाई ठेव ठेवायला आल्या, छापील पावती त्यांनी उलटसुलट करून पाहिली, आणि कारकुनापुढे सरकवून म्हणाल्या, "भाऊ, यावर तुमच्या हातानं तारीख लिहा."

तेव्हापासून दर वर्षी तो लिहितो. तारखेचा तो दोष मी केव्हाच काढून टाकला आहे. संगणक आता अचूक वाचतो. पण त्या बाईंच्या मनातली जी भिंत त्या दिवशी ढासळली, तिच्यासाठी कोणती नवी आवृत्ती काढायची, ते यंदाच्या पाडव्याला मी पुतण्याला विचारणार आहे. चकल्या तोपर्यंत झाकून ठेवाव्यात, असे सौभाग्यवतींना सांगितले आहे.